‘दमा आहे’ म्हणाले, पण फुंकून पाहिलं का?

आमच्या आईला सात वर्षं दमा होता. म्हणजे तसं सगळे म्हणत. अकोल्यात घराजवळच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेच लिहिलेलं, मेडिकलवाल्याच्या तोंडी तेच, आणि पुढे पुढे आईच्याही. या सात वर्षांत तिला दोन रंगांचे पंप मिळाले, दर उन्हाळ्यात इंजेक्शनं आणि सलाइन, मधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या, एकदा सहा महिने टीबीचा कोर्स, आणि शेजारच्या काकूंच्या आग्रहाखातर कोजागिरीच्या रात्री खिरीतून घ्यायचं औषध. एका नळीत जोरात फुंकून हवा मोजायची तपासणी मात्र कोणी सांगितली नाही. ती झाली त्या दिवशी दमा गेला. आजार राहिलाच, पण त्याचं नाव बदललं, औषध बदललं आणि घरातली एक वस्तू बाहेर गेली. त्या वस्तूबद्दल पुढे सांगते.

मी डॉक्टर नाही. फाइल काखेत धरून बाकड्यावर बसणारी मुलगी आहे. ज्यांच्या घरात कोणाला महिनोन्महिने धाप लागते, खोकला जात नाही आणि ज्यांना नेमकं कुठून सुरुवात करायची हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषध कोणतं घ्यायचं ते यात नाही. औषधाआधी आजाराचं नाव पक्कं कसं करून घ्यायचं, एवढंच आहे.

त्याआधी एक. ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, माणूस गुंगीत जात असेल, खोकल्यातून बरंच रक्त पडलं असेल किंवा बसल्याजागी ऑक्सिजन नेहमीपेक्षा एकदम उतरून ९०च्या खाली गेला असेल, तर हा लेख बंद करा आणि कॅज्युअल्टी गाठा, नाहीतर १०८ला फोन लावा. तपासण्यांचं नंतर बघता येईल.

मूळ घोटाळा शब्दाचा आहे

आपल्याकडे दम लागतो म्हणून दमा. पण धाप हे लक्षण आहे, तापासारखं. ताप आला म्हणजे मलेरिया असेल, टायफॉइड असेल, डेंग्यू असेल. धापेचंही तसंच. खरा दमा, म्हणजे अस्थमा, असू शकतो. सीओपीडी असू शकतो, ज्यात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात. टीबी असू शकतो, किंवा वीस वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या टीबीने मागे ठेवलेले व्रण. ब्रॉन्किएक्टेसिस असू शकतो, ज्यात नळ्या फुगून त्यात बेडका साचत राहतो. फुफ्फुसाचा स्पंजच कडक होणारे आजार असतात, त्यांना डॉक्टर आयएलडी म्हणतात. आणि फुफ्फुसं ठणठणीत असून हृदय अशक्त असेल किंवा हिमोग्लोबिन सातवर आलं असेल, तरी जिना चढताना ऊर धपापतोच.

मग चुकीचं नाव सात वर्षं टिकतं कसं? माझ्या मते याला कारण स्टेरॉइड. यातल्या बऱ्याच आजारांत स्टेरॉइडने चार-आठ दिवस तरी बरं वाटतं. बरं वाटलं की नाव बरोबर होतं असं डॉक्टरांनाही वाटतं आणि आपल्यालाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या, ‘खास’ पुड्या, वैदू देतो त्या काळ्या गोळ्या यांतही काय काय कुटलेलं असतं देव जाणे. असलं काही चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड मनाने एकदम बंदही करू नका, त्याने जिवावर बेतू शकतं. ते कमी करत आणायचं असतं, तेही डॉक्टर सांगतील तसंच.

पहिली पायरी: वही

दोनशे पानी वही आणा. तपासण्यांना पैसे मोजण्याआधी हे आठ दिवसांचं काम करा.

धाप कधी लागते ते घरातल्या मापाने लिहा. ‘खूप दम लागतो’ याचा डॉक्टरांना उपयोग नसतो. घाईने चाललं किंवा चढ आला तरच लागते का? बरोबरीच्या बायका पुढे निघून जातात आणि आपण मागे राहतो, असं होतं का? शंभर पावलांवर थांबावं लागतं का? की साडी नेसताना, आंघोळ करतानाही धाप लागते? डॉक्टर धापेची जी प्रतवारी करतात ती साधारण याच प्रश्नांवर असते. बायका स्वतःहून हे सांगत नाहीत. हळूहळू कामं सोडत जातात. आईने आधी गच्चीवर वाळवणं घालणं सोडलं, मग देवळात जाणं, मग पलंगावर बसून कणीक मळायला लागली. विचारलं की म्हणायची, “मले काही नाई झालं, उनाचं होते.”

खोकला कोरडा की ओला, बेडका किती पडतो (चमचाभर की सकाळी उठल्यावर वाटीभर), रंग कसा, रक्ताची रेघ दिसली का, रात्री झोपेतून उठवतो का, छातीत शिट्टी वाजते का, हे लिहा. वजन किती उतरलं, तेही.

मग ऋतू आणि जागा. आमच्या वहीतलं सोनं इथे होतं, फक्त आम्हाला ते सोनं आहे हे कळलं नाही. आईचा त्रास मार्चअखेर सुरू व्हायचा, मे महिन्यात कळस गाठायचा आणि पाऊस पडला की ओसरायचा. एका मे महिन्यात ती पुण्याला माझ्याकडे तीन आठवडे राहिली आणि खोकला जवळजवळ थांबला. “पुण्याची हवा मानवते,” असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. अकोल्याला परतली आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तुमच्या माणसाला घर सोडलं की बरं वाटतं, कामाला सुट्टी असली की बरं वाटतं, असं काही असेल तर ते ठळक अक्षरांत लिहा.

शेवटी धूर, धूळ आणि पक्षी. चुलीपुढे किती वर्षं गेली, सरपण काय असायचं (तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या), मशेरी घरी भाजली जायची का, विडी-सिगारेट स्वतः किंवा शेजारी बसणारा कोणी. मच्छर अगरबत्ती बंद खोलीत रात्रभर जळते का? २००३च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. काम कुठलं केलं: जिनिंग, साखर कारखान्यातलं बगॅस (उसाची चिपाडं), खडी केंद्र, दगडफोड, पीठगिरणी, मळणीयंत्रावरची धूळ, बुरशी लागलेला कडबा. बाल्कनीत किंवा डक्टमध्ये कबुतरं आहेत का? २०२५ साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून इतका गदारोळ झाला, पण आपल्या खिडकीच्या छज्जावरची विष्ठा कोणी मोजत नाही. आणि सगळ्या औषधांची नावं लिहा, फुफ्फुसाशी संबंध नसलेल्यांचीही. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलेलं अमिओडॅरोन, संधिवाताचं मेथोट्रेक्सेट, लघवीच्या संसर्गासाठी दीर्घकाळ घेतलेलं नायट्रोफ्युरँटॉइन, ही फुफ्फुसाला इजा करू शकतात.

दुसरी पायरी: टीबी आहे की नाही, ते बेडक्यावरून ठरवा

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर पहिला प्रश्न टीबीचा. लाजायचं कारण नाही. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी आणि उपचार दोन्ही फुकट आहेत. थुंकीचे दोन नमुने घेतात, एक तिथल्या तिथे आणि एक पहाटेचा. पहाटेचा चांगला असतो. तोंड खळखळून धुवा, मग खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढा. लाळ देऊ नका, लाळेत काही सापडत नाही. डबी घरात, कोंदट न्हाणीघरात भरू नका, उघड्यावर भरा.

नुसत्या दुर्बिणीखालच्या तपासणीपेक्षा सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मागा. ती जंतूची जनुकं शोधतात आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल का, तेही सांगतात. ट्रूनॅट हे यंत्र आपल्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

आईच्या बाबतीत चूक झाली ती अशी. छातीच्या फोटोवर डाग दिसला, ‘टीबीसारखं वाटतंय’ म्हणाले, आणि थुंकी न तपासता गोळ्या सुरू झाल्या. थुंकीत जंतू न सापडताही काही वेळा डॉक्टर टीबीचं निदान करतात आणि ते बरोबर असू शकतं. पण तपासून न सापडणं वेगळं आणि तपासलंच नाही हे वेगळं. ‘साहेब, थुंकीची सीबीनॅट करून मग सुरू करू का?’ एवढं विचारा. उलटही खरं आहे: जुना टीबी झालेल्या माणसाला पुन्हा धाप लागली की दर वेळी टीबीच उलटलेला नसतो. बरेचदा तो मागे राहिलेल्या व्रणांचा त्रास असतो.

तिसरी पायरी: स्वस्तातल्या तपासण्या

छातीचा फोटो, सीबीसी, ईसीजी, आणि पायाला सूज असेल किंवा आडवं झाल्यावर धाप वाढत असेल तर हृदयाची टू-डी एको. फोटो स्वच्छ आला म्हणून फुफ्फुस स्वच्छ, असं धरू नका. सुरुवातीच्या सीओपीडीत आणि दम्यात फोटो अगदी नॉर्मल असू शकतो.

सीबीसीत लोकांचं लक्ष हिमोग्लोबिनवर जातं. त्याच कागदावर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची एक ओळ असते, तीही पाहा. विदर्भात, विशेषतः हत्तीरोगाच्या पट्ट्यात, रात्रीचा कोरडा खोकला, शिट्टी आणि इओसिनोफिलची संख्या (टक्केवारी नव्हे) तीन हजारांच्या वर असं दिसलं तर ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलियाचा विचार करतात. हत्तीरोगाच्या जंतांवरची ती उलट प्रतिक्रिया असते आणि डीईसीच्या गोळ्यांच्या कोर्सला ती छान दाद देते. ही माणसंही ‘दम्याचे पेशंट’ म्हणून फिरत असतात.

चौथी पायरी: फुंकायची टेस्ट

हिचं नाव स्पायरोमेट्री. चिठ्ठीवर बहुधा ‘पीएफटी’ लिहितात. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४६ साली हे मोजमाप पहिल्यांदा व्यवस्थित मांडलं, म्हणजे तपासणी काही नवी नाही. तरी कित्येकांना वर्षानुवर्षं पंप दिला जातो आणि ही होत नाही. रक्तदाब न मोजता बीपीची गोळी दिली तर आपण भांडू. इथे मात्र गप्प बसतो.

जाण्याआधी विचारून घ्यायचं: पंप कधी थांबवायचा. निदानासाठी टेस्ट असेल तर साल्ब्युटामॉलसारखा तात्पुरता पंप ४ ते ६ तास आधी, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा लांब परिणामाचा पंप साधारण २४ तास आधी आणि टिओट्रोपियमसारखा ३६ ते ४८ तास आधी थांबवतात. त्रास जास्त असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय थांबवू नका, आणि टेस्टवाल्याला शेवटचा पंप किती वाजता घेतला ते सांगा. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, डोळ्याचं, छातीचं किंवा डोक्याचं ऑपरेशन झालं असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल तर आधी तसं सांगा. टीबीचा संशय मिटेपर्यंतही ही टेस्ट लांबवतात. भरपेट जेवून जाऊ नका. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्या, सैल असेल तर काढा.

आता आत काय होतं ते पाहा. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, ओठ गच्च मिटलेले. छाती भरेल तितका श्वास घ्यायचा आणि एका फटक्यात सगळा जोर लावून सोडायचा. अवघड भाग त्यानंतरचा. हवा संपली असं वाटल्यावरही सोडत राहायचं, साधारण सहा सेकंदांपर्यंत. चांगला टेक्निशियन या वेळी ओरडतो. आम्हाला भेटलेला मुलगा अक्षरशः खुर्चीतून उठला, “फुंका फुंका फुंका... अजून... अजून... सोडू नका आई!” आई दचकली, मग हसायला लागली, तो प्रयत्न वाया गेला. असे निदान तीन चांगले प्रयत्न लागतात आणि त्यातले सर्वांत चांगले दोन एकमेकांच्या १५० मिलिलिटरच्या आत यावे लागतात. मग साल्ब्युटामॉलचे चार दाब, १५-२० मिनिटं बाकड्यावर, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. हा दुसरा भाग न करता पाच मिनिटांत कागद हातात दिला तर निदानासाठी तो अर्धाच आहे. पैसे देण्याआधी विचारा: ‘औषध देऊन परत करणार ना?’

दोन आकड्यांवर नजर ठेवा, कारण ते तुम्हीच देता. एक वय. आपल्या आईवडिलांपैकी निम्म्यांचा आधारवरचा वाढदिवस १ जानेवारी असतो आणि साल शाळेच्या मास्तरांनी घातलेलं. दुसरा उंची. ‘उंची किती?’ असं विचारून ऐकीव आकडा टाकू देऊ नका. चपला काढून भिंतीला टेकवून मोजायला सांगा. पाठीला बाक असेल तर दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मापतात. यंत्र या दोन आकड्यांवरून ‘एवढी हवा असायला हवी होती’ हे ठरवतं. उंची पाच सेंटिमीटर जास्त सांगितली की धडधाकट माणूसही कागदावर आजारी दिसू लागतो.

कागद कसा वाचायचा

तीन ओळी शोधा. एफव्हीसी म्हणजे एकूण किती हवा सोडली. एफईव्ही-१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात किती. तिसरी, या दोहोंचं गुणोत्तर.

नळ्या अरुंद असतील तर हवा भरपूर असूनही पहिल्या सेकंदात कमी बाहेर येते. एफव्हीसी २.४० लिटर आणि एफईव्ही-१ १.२० लिटर असेल तर गुणोत्तर ०.५०. औषध दिल्यानंतरही गुणोत्तर ०.७०च्या खाली राहिलं आणि चूल-विडी-धुराचा इतिहास असला, तर सीओपीडी. औषधाने एफईव्ही-१ चांगलाच उसळला, रूढ मापाने १२ टक्के आणि २०० मिलिलिटर अशा दोन्ही अंगांनी, तर पारडं दम्याकडे झुकतं. फार वयस्कर माणसात ०.७०चं माप जरा कडक पडतं, म्हणून गुणोत्तर ०.६८-०.६९ आलं तर लगेच शिक्का मारून घेऊ नका.

आईचा कागद असा होता: एफव्हीसी १.३२, एफईव्ही-१ १.१५, गुणोत्तर ०.८७. औषधानंतर १.१७. म्हणजे पंपाने २० मिलिलिटरचा फरक. नळ्या उघड्याच होत्या, हवाच मुळात कमी मावत होती. कागदावरच्या आलेखातही ते दिसतं. अरुंद नळ्यांचा आलेख उतरताना झोळीसारखा आत लवतो, कडक फुफ्फुसाचा उंच, अरुंद, सुळक्यासारखा येतो. मात्र नीट न फुंकल्यानेही एफव्हीसी कमी येतो, म्हणून एकट्या या कागदावर फुफ्फुस आकसल्याचं निदान होत नाही.

आणखी एक फसवी जागा. दमा येतो-जातो. बऱ्या दिवशी केलेली टेस्ट नॉर्मल येऊ शकते आणि तरीही दमा असू शकतो. अशा वेळी डॉक्टर पीक फ्लो मीटर देतात, काही शे रुपयांची प्लास्टिकची नळी. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे वहीत लिहायचे. आकडे खूप खाली-वर होत असतील तर तोच पुरावा.

पंप लागला आणि निदान पक्कं असेल तर ‘पंपाची सवय लागते’ म्हणून सोडू नका. ही अफवा कोणी पसरवली कोण जाणे. सवय लागत नाही. श्वासातून मायक्रोग्रॅममध्ये जाणारं औषध गोळीपेक्षा कितीतरी कमी प्रमाणात अंगात भिनतं.

‘आम्ही तर विडीला हातही लावला नाही’

सीओपीडीचं नाव निघालं की घरातल्या बायका हे वाक्य हमखास म्हणतात, आणि डॉक्टरही कधीकधी त्यावर विश्वास ठेवून दम्याकडे वळतात. भारतात २०१६ साली सीओपीडीच्या रुग्णांची संख्या सुमारे साडेपाच कोटी धरली गेली. त्यात धूम्रपान कधीच न केलेल्यांचा वाटा मोठा आहे, आणि चुलीचा धूर हे त्यातलं एक मुख्य कारण. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. गॅस आला म्हणून मागची तीस वर्षं पुसली जात नाहीत. ‘माहेरी चूल होती का, किती वर्षं?’ हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा.

पाचवी पायरी: फुंकूनही उत्तर मिळालं नाही तर

इथून पुढचं छातीच्या डॉक्टरांकडेच करायचं. आमच्या डॉक्टरांनी कागद पाहिला, आईच्या पाठीला खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला आणि मला ऐकायला दिला. श्वास आत जाताना शेवटी वेलक्रो उचकटल्यासारखा चर्रचर्र आवाज. मग नखं पाहिली, बोटांची टोकं फुगीर झाली आहेत का ते बघायला. मग बोटाला ऑक्सिमीटर लावून तिला कॉरिडॉरमध्ये चालवलं. बसून ९६ होतं. चौथ्या फेरीला ८७. सात वर्षांत प्रत्येकाने ऑक्सिजन तिला एका जागी बसवूनच मोजला होता. घरी मोजतानाही चालून आल्याबरोबर मोजा, आणि नेलपॉलिश पुसून.

अशा वेळी एचआरसीटी करतात. पातळ कापांचं सीटी, त्याला साधारणपणे शिरेतून रंग टोचावा लागत नाही. काही जागी पूर्ण श्वास सोडूनही काप घेतात, नळ्यांत हवा अडकते का ते पाहायला. हे सगळ्या सेंटरवर आपोआप करत नाहीत, म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. फिल्मबरोबर सीडी मागा. दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्टपेक्षा चित्रं महत्त्वाची असतात. दुसरी तपासणी डीएलसीओ: अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा ओढून दहा सेकंद श्वास धरायचा, त्यावरून फुफ्फुसातून रक्तात वायू किती झिरपतो ते कळतं. हे यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी सहसा नसतं. सहा मिनिटं चालण्याची चाचणी त्याबरोबरच होते. सांधे आखडत असतील, थंडीत बोटं पांढरी पडत असतील तर संधिवाताच्या रक्ततपासण्या. दमा औषधांना जुमानत नसेल आणि बेडक्यात तपकिरी गोळे पडत असतील तर अ‍ॅस्परजिलस बुरशीसाठी आयजीई ही रक्ततपासणी.

आता ती वस्तू. सीटी बघता बघता डॉक्टरांनी विचारलं, “घरी कूलर आहे?” अकोल्यात पारा ४५च्या पुढे जातो, कूलर नाही असं घर दाखवा. “पॅड कधी बदललं?” आई म्हणाली, बाबा होते तेव्हा. म्हणजे चार वर्षं. त्या रविवारी मी कूलरची मागची जाळी काढली. वूडवूलचं गवत बाहेरून पिवळट होतं. बोटाने दाबलं तर आतून काळं, बुळबुळीत, आणि वास ओल्या पोत्याचा. टाकीच्या तळाला हिरवट साय. याच्या पुढ्यात, झोत थेट तोंडावर येईल अशी, आईची खाट.

बुरशीचे, पक्ष्यांच्या विष्ठेचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षं श्वासात जाऊन काही माणसांचं फुफ्फुस त्यावर चिडतं. त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात, हा आयएलडीचाच एक प्रकार. आईच्या आजाराचं नवं नाव हेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आयएलडी रुग्णांच्या नोंदणीत १,०८४ जणांपैकी जवळजवळ निम्म्यांना हाच आजार निघाला होता, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचा संबंध कूलरशी होता. म्हणून ‘कूलर आहे का’ हा प्रश्न एचआरसीटीइतकाच मोलाचा. कूलर असणाऱ्या प्रत्येकाला हे होत नाही, घाबरून विकायला काढू नका. गवत दर मोसमाला बदला, टाकी आठवड्याला रिकामी करून वाळवा. ज्याला हा आजार निघाला त्याच्या घरातून मात्र कूलर जायलाच हवा.

आयएलडीत अंतिम नाव ठरवताना छातीचे डॉक्टर, सीटी वाचणारे रेडिओलॉजिस्ट आणि गरज पडली तर संधिवाततज्ज्ञ यांनी एकत्र बसून बोलणं ही जगभरची मान्य पद्धत आहे. ‘याची चर्चा होणार आहे का?’ असं विचारायला हरकत नाही.

कुठे जायचं, किती घेऊन जायचं

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ‘क्षय व उररोग विभाग’ अशी पाटी असते. ‘क्षय’ वाचून लोक मागे फिरतात. फिरू नका, दमा-सीओपीडी-आयएलडी सगळं तिथेच बघतात आणि स्पायरोमेट्री बहुधा तिथेच होते. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, विभागाची ओपीडी कोणत्या वारी ते आधल्या दिवशी विचारा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी-उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे थोडं शुल्क पडतं. महात्मा फुले योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या फुंकायच्या टेस्टचा खर्च त्यात धरून चालू नका. खासगीत दर सेंटरगणिक बदलतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी फोन करूनच ठरवा. खडी केंद्रावर, दगडखाणीत किंवा कारखान्यात काम केलेलं असेल तर तसं केस पेपरवर लिहून घ्याच. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा कायद्याने नोंद करायचा व्यावसायिक आजार आहे आणि पुढे भरपाईचा प्रश्न आला तर त्या एका ओळीला किंमत येते.

फाइल लावताना सर्वांत जुना छातीचा फोटो सर्वांत वर ठेवा. आम्ही ट्रंकेतून आईचा २०१४चा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेला फोटो शोधला. डॉक्टरांनी तो नव्याशेजारी खिडकीच्या उजेडात धरला आणि डाग नवे आहेत हे अर्ध्या मिनिटात ठरलं.

खोलीतून बाहेर पडण्याआधी चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: आजाराचं पूर्ण नाव, ते कोणत्या तपासणीवरून ठरलं, अजून कशाची शंका बाकी आहे, आणि पुढची स्पायरोमेट्री कधी. उत्तर ‘अ‍ॅलर्जी आहे हो, गोळ्या घ्या’ एवढंच आलं तर दुसरं मत घ्या. पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका. कागद तुमचे आहेत, मागितले की मिळायला हवेत.

आईचा कूलर गेला, औषध बदललं. ती आता देवळापर्यंत एकदा थांबून जाते. गच्चीवर अजून जात नाही, फुफ्फुसाचा जो भाग कडक झाला तो परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. दर चार महिन्यांनी फुंकायला नेतो. मागच्या खेपेला एफव्हीसी १.४१ आला. पुढची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली आहे, आणि तिच्या शेजारी आईच्या अक्षरात उंची: १५० सेंमी, भिंतीला टेकून.